मदत हवी आहे: लॅडरच्या मॅचमधला पुसलेला ठसा, आणि निकाल देणारी मीच मध्ये अडकलेय

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका क्लबात आम्ही 22 जण टेनिसची सिंगल्स लॅडर खेळतो. बोर्डावर 1 ते 22 नावं. आपल्या वरच्या दोघांपैकी कुणालाही चॅलेंज टाकायचं आणि 14 दिवसांत मॅच खेळायची. चॅलेंज टाकणारा जिंकला तर तो वरच्याची जागा घेतो, मधले सगळे एकेक पायरी खाली सरकतात. वरच्याने 14 दिवसांत वेळ दिली नाही तर वॉकओव्हर. फी नाही, बक्षीस नाही. वही तीन वर्षं माझ्याकडे आहे. वाद झाला तर तोही माझ्याकडेच येतो.

या वेळचा वाद मला एकटीला सुटत नाहीये.

चौथ्या नंबरवर एक काका आहेत, वय 66. सहाव्यावर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा. त्याने 17 मेला काकांना चॅलेंज टाकलं. त्याने दिलेल्या पहिल्या तीन वेळा काकांनी नाकारल्या (एकदा लग्न, दोनदा गुडघा). शेवटी 30 मे, सकाळी सातचा स्लॉट ठरला. मी शेजारच्या कोर्टवर डबल्स खेळत होते.

पहिला सेट मुलाने 6-4 घेतला. दुसऱ्यात 5-4, त्याचीच सर्व्हिस, 40-30. म्हणजे मॅच पॉइंट. त्याने फोरहँड डाउन द लाइन (कडेच्या रेघेला धरून सरळ) मारला, काका पोचले नाहीत आणि त्यांनी 'आउट' म्हटलं. मुलगा बॉलचा मातीवर उमटलेला ठसा बघायला नेटपाशी येईपर्यंत काकांनी बुटाने ती जागा सारखी केली होती. आवाज चढले म्हणून मी गेले. चुन्याच्या रेघेला लागून वीतभर लाल माती फरपटलेली, बुटाच्या तळव्याच्या रेषा स्पष्ट, आणि रेघेची कड तेवढ्याच जागी पुसट. ती बॉलने पुसली की बुटाने, हे आता कुणीच सांगू शकत नाही. तेवढ्यात आठच्या बॅचची मुलं आली, कोर्ट सोडावं लागलं. संध्याकाळी धो धो पाऊस झाला, दुसऱ्या दिवशी मातीची कोर्ट बंद. आता ती दसऱ्यानंतरच उघडतील.

मुलगा म्हणतो, मॅच मी जिंकलोय. ते मान्य नसेल तर 14 दिवस संपले, वॉकओव्हर द्या. काका म्हणतात, मॅच अर्धवट आहे, कोर्ट उघडल्यावर पहिल्यापासून खेळू.

अडचण अशी की पाचव्या नंबरवर मी आहे. मुलगा चौथा झाला तर काका पाचवे आणि मी सहावी, एकही बॉल न मारता. काकांच्या बाजूने निकाल दिला तर लोक म्हणतील जागा वाचवली. मुलाच्या बाजूने दिला तर मलाच शंका राहील, की तसं कुणी म्हणू नये म्हणून तर मी तो दिला नाही ना.

आणखी एक. वही चाळताना दिसलं की मार्चमध्ये मुलीच्या बारावीच्या परीक्षेसाठी मी स्वतः आठ दिवस वाढवून घेतले होते. समोरच्याची हरकत नव्हती, पण नियमात ती सवलत कुठेच नाही. मग आता मुदतीवर बोट कसं ठेवू?

कुणीतरी सुचवलं की तिथे उभ्या असलेल्या मार्करला विचार, त्याने बघितलं असेल. ते मी करणार नाही. मेंबर लोकांसोबत रोज खेळणं ही त्याची नोकरी आहे, एका मेंबरविरुद्ध त्याला साक्षीला उभं करणं बरोबर नाही.

तुमच्याकडे लॅडर चालवली असेल तर सांगा: हा पॉइंट कुणाचा? आणि निर्णय मी द्यावा का?

प्रतिसाद – लालमाती

पॉइंटपुरतं उत्तर सरळ आहे. पंच नसलेल्या मॅचसाठी आयटीएफची (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची) वेगळी पद्धत ठरलेली आहे. आपल्या बाजूचा कॉल आपण द्यायचा, खात्री नसेल तर बॉल आत धरायचा. मातीच्या कोर्टवर समोरच्याला ठसा दाखवा म्हणता येतं, नेट ओलांडून बघायलाही जाता येतं. आणि आउट देणाऱ्याने ठसा पुसला तर पॉइंट त्याने सोडला असं धरतात. मुद्दाम पुसला की सवयीने, हा प्रश्नच येत नाही. म्हणजे 6-4, 6-4. वॉकओव्हरची गरजच नाही.

फक्त एक बघा, हे नियम तुमच्या लॅडरला लागू आहेत असं कुठे लिहिलंय का?

प्रतिसाद – ठाण्याची बॅकहँड

आमच्याकडेही अशीच सरकणारी लॅडर होती आणि मधल्या माणसाची तक्रार हमखास यायची. शेवटी अदलाबदल केली: जिंकणारा आणि हरणारा जागा बदलतात, मधला जागचा हलत नाही. तोटा असा की हरणारा एकदम दोन पायऱ्या खाली जातो, त्यामुळे वरचे लोक चॅलेंज आणखी टाळतात. तेव्हा या वादाच्या भरात बदलू नका. पावसाळ्यात बसून सगळ्यांना विचारून ठरवा.

निर्णय मात्र तुम्ही देऊ नका. ज्यांची जागा हलणार नाही असे दोघं निवडा. पहिला नंबर आणि तळातला कुणीतरी चालेल.

प्रतिसाद – जुना मेंबर

मी स्वतः सत्तरीला आलोय म्हणून सांगतो. मातीवर आयुष्य काढलेल्या माणसाचा पाय आपोआप फिरतो. आणि या वयात रेघेवरचा वेगवान बॉल जरा उशिरा दिसतो. माझे किती कॉल चुकले असतील, देव जाणे. पॉइंट त्यांचा गेला हे खरंच, पण ते खोटं खेळले असा अर्थ काढू नका. निकाल ग्रुपवर टाकायच्या आधी त्यांना समक्ष भेटा. बोर्डावरचं नाव खाली आलेलं चारचौघांत कळणं फार लागतं हो.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. लालमाती, नाही, कुठेच लिहिलेलं नाही. आमचा नियमांचा कागद अर्ध्या पानाचा आहे, त्यात ठशाचा उल्लेखसुद्धा नाही. चूक वही ठेवणारीची, म्हणजे माझी.

पहिल्या आणि एकोणिसाव्या नंबरच्या दोघांना विचारलं, दोघं तयार आहेत. हा धागा त्यांना वाचायला दिलाय. माझ्या मार्चच्या आठ दिवसांचंही त्यांना सांगितलं. मुलाला फोन केला, निर्णय मी देणार नाही हे त्याने लगेच मान्य केलं. 'काकू, मला नंबर नको, त्यांनी ठसा दाखवायला हवा होता एवढंच' म्हणाला.

आज संध्याकाळी काकांकडे चाललेय. वीस वर्षांपूर्वी मी रॅकेट धरायला शिकले ती त्यांच्याकडूनच, त्यामुळे पाय जड झालेत. काय होतं ते इथे लिहीन.