मदत हवी आहे: कागदी शिल्पांवर पाण्याची रेघ लेव्हलमध्ये पाडायचीय (प्रोजेक्टर, दमट हवा आणि आवाज)

नमस्कार मंडळी, थोडं लांबेल पण पूर्ण वाचा, कारण अर्धवट सांगितलं की सगळे "सॉफ्टवेअरने मॅप कर" एवढंच सांगतात आणि ते मी करून बसलेय.

सांगलीत आमच्या आण्णांचं बाइंडिंगचं दुकान होतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोका पातळीच ४५ ची आहे, तेव्हा गाळ्यात पाच फूट दोन इंच पाणी होतं. रेघ अजून भिंतीवर आहे, आण्णांनी तिच्यावर रंग मारू दिला नाही. बांधायला आलेली पुस्तकं, खतावण्या, कोऱ्या वह्यांचे गठ्ठे, सगळं फुगून एकमेकांना चिकटलं. जे लोकांनी परत नेलं नाही ते मी वाळवून ठेवलं आणि गेल्या वर्षभरात त्याचा लगदा करून शिल्पं केलीत, पुस्तकांच्या ढिगांसारखी उभी नऊ, शिवाय छताला टांगलेले मोठे पातळ ताव. येत्या ऑगस्टमध्ये गाळ्याचं शटर उघडून तिथेच मांडायचंय. गाळा ११ बाय १७ फूट.

करायचं काय तर अंधारात प्रोजेक्टरने या कागदांवर पाणी चढवायचं. व्हिडिओ कृष्णेच्याच गढूळ पाण्याचा आहे, मी घाटावर शूट केलाय. आवाजात आमच्या गल्लीतली माणसं एकेक फूट मोजतात, इशारा पातळीच्या चाळीसपासून सत्तावन्नपर्यंत, प्रत्येकाच्या लक्षात राहिलेला आकडा त्याने स्वतः म्हणायचा, आणि मध्ये मध्ये आण्णांच्या लाकडी प्रेसचा स्क्रू आवळताना होणारा करकर आवाज.

आता अडचण. प्रोजेक्टर छताला लावला की रेघ तुटते. उजेड वरून तिरका येतो ना, त्यामुळे जवळच्या ढिगावर पाणी वर दिसतं आणि मागच्या भिंतीवर खाली. मॅडमॅपर या मॅपिंगच्या (म्हणजे चित्र वस्तूच्या आकारावर बसवायच्या) सॉफ्टवेअरचा डेमो घेऊन प्रत्येक शिल्पासाठी वेगळा तुकडा वाकवून जुळवला, रात्री अकराला अगदी बरोबर बसलं. सकाळी बघते तर सगळं सरकलेलं. रात्रभर पाऊस होता, टांगलेले ताव दमट हवेने ओघळले, लगद्याचे ढीगसुद्धा किंचित वाकतात. रोज उठून मॅपिंग करणं शक्य नाही आणि कागद काचेत बंद करायचा नाहीये.

मग आण्णांनी गवंड्याची लेव्हल बघायची पाणी भरलेली नळी आणली आणि म्हणाले, दिवाच रेघेच्या उंचीला ठेव की. बरोबर आहे ते! लेन्स पाच फूट दोन इंचावर असेल तर तिथून सरळ आडवा निघालेला उजेड जवळच्या कागदावर पडो की लांबच्या भिंतीवर, त्याच उंचीला पडणार, कागद हलला तरी. सॉफ्टवेअर नको, काही नको. पण प्रोजेक्टर टेबलावर सरळ ठेवला की चित्र लेन्सच्या वर पडतं, म्हणून उलटा टांगला, तर आता चित्राची वरची कड लेन्सपेक्षा अर्धा फूट खाली. म्हणजे पाणी खुणेपर्यंत पोचतच नाही. लेन्स शिफ्ट (प्रोजेक्टर न हलवता चित्र वर-खाली सरकवायची सोय) असलेले प्रोजेक्टर भाड्याने फार महाग सांगितले.

माझ्याकडे शाळेतला मागून आणलेला ३२०० ल्युमेनचा आहे, ८ फूट रुंद चित्राला साधारण १२ फूट अंतर लागतं. त्यामुळे दुसरी अडचण, लेन्स माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, शटरकडून आत आलं की लोकांच्या सावल्या शिल्पांवर आणि ढिगांमधून मागे वळून बघणाऱ्याच्या थेट डोळ्यांत उजेड. शॉर्ट थ्रो (जवळूनच मोठं चित्र पाडणारा प्रोजेक्टर) घेतला तर ४ फुटांतून काम होईल, लोक प्रोजेक्टरच्या मागे उभे राहतील, पण माझी शिल्पं पुढे-मागे तीन फुटांत पसरलीत, फोकस एकाच अंतराला बसतो, बाकीचं पुसट. कुणी वापरून पाहिलंय का?

एका मैत्रिणीने मागून उजेड टाक असं सुचवलं, पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्यांना ठाकर कलाकार दिवा मागेच ठेवतात तसं. टांगलेल्या पातळ तावांवर करून पाहिलं आणि काय सुंदर दिसतं, कागदातला तंतू न तंतू उठतो. पण लगद्याच्या ढिगांतून उजेड जात नाही. आणि सावल्या खरंच घालवायच्या का असाही विचार येतो. चित्रकार नलिनी मालानींनी २०१२ ला जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात मायलारचे (पारदर्शक प्लास्टिकचे) रंगवलेले सिलिंडर फिरते ठेवले होते आणि त्यातून प्रोजेक्शन जाऊन भिंतीभर सावल्या फिरायच्या, तिथे सावली हेच काम होतं. माझ्याकडे मात्र माणसाची सावली पाण्याला भोक पाडते. ते मला चालणार नाही.

आवाजाचं: एक्सायटर स्पीकर (ज्या वस्तूला चिकटवू तिलाच कंप देऊन आवाज काढणारे) थेट शिल्पाला चिकटवलेत, कागदच बोलतो, जवळ कान नेला तर आकडा ऐकू येतो. पण कागद ओला झाला की आवाज बसका होतो आणि सुट्या कडा थरथरतात. कडांना खळ लावून दाबलं, खळीत आण्णांच्या पद्धतीने मोरचूद आहे त्यामुळे कसर लागत नाही, पण थरथर थांबलेली नाही.

अपडेट: ज्यांनी "उलटा टांगून थोडा वर तिरका कर, कीस्टोन (तिरकं चित्र चौकोनी करायची प्रोजेक्टरमधली सोय) बंद ठेव" लिहिलं त्यांचे मनापासून आभार. काल केलं. बाकी चित्र वेडंवाकडं होतं पण पाण्याला आकारच नसल्यामुळे कळत नाही, आणि लेन्सच्या उंचीची रेघ व्हिडिओत सरळच राहते, फक्त प्रोजेक्टर डावी-उजवीकडे कलता कामा नये. नळी लावून तपासलं, नऊही ढीग आणि भिंत, सगळीकडे पाच फूट दोन. खालून चढताना पाणी प्रत्येक कागदावर वेगळ्या उंचीला दिसतं, तुटक तुटक, आणि सत्तावन्नचा आकडा आला की सगळं एका रेघेत येऊन भिंतीवरच्या खुणेला टेकतं. आण्णा तिथेच खुर्ची टाकून तीनदा बघत बसले.

आता राहिलं ते सावल्यांचं, थरथरणाऱ्या कडांचं आणि लूपचं, व्हीएलसी प्लेअरवर व्हिडिओ संपून परत सुरू होताना क्षणभर काळं येतं. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर सलग लूप कुणी चालवलाय का, दिवसाला आठ तास? सांगली-कोल्हापूरकडचं कुणी शॉर्ट थ्रो एक दिवस ट्रायलला देऊ शकत असेल तर मी येऊन घेऊन जाईन.