घरातल्या मुलांना नेमबाजी शिकवायची आहे. सुरुवात कशी करावी?

माणदेशी (विटा)

नमस्कार मंडळी,

स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले, तेव्हापासून आमच्या घरातील मुलांनी नेमबाजीचा ध्यास घेतला आहे. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि पुतण्या चौदा वर्षांचा. वडिलांनी फार पूर्वी घेतलेली, नळी खाली वाकवून छर्रा भरण्याची एअर रायफल घरात पडून आहे. तीच काढून मळ्यात, विहिरीच्या पलीकडे, मुलांना शिकवावे असा वडिलांचा आग्रह आहे. छर्र्याच्या बंदुकीने कोणाचे काय बिघडते, असे ते म्हणतात. पुतण्याचे लक्ष मात्र कागदी टार्गेटपेक्षा द्राक्षबागेत उतरणाऱ्या पाखरांवर अधिक आहे.

मी महाविद्यालयात असताना एनसीसीच्या शिबिरात पॉइंट टू-टू (०.२२ इंची) रायफल चालवली आहे. तेथे उस्ताद शेजारी उभे असत आणि हुकुमाशिवाय कोणी बोटही हलवत नसे. ती शिस्त घरच्या मळ्यात, आजोबा-नातवंडांच्या मोकळ्या वातावरणात कशी आणावी, हा माझा मुख्य प्रश्न आहे. शिवाय या वयात सुरुवात करणे योग्य आहे का, परवाना लागतो का, आणि पहिल्या दिवशी नेमके काय शिकवावे, हेही जाणकारांनी सांगावे.

नेमबाजी_प्रशिक्षक (पुणे)

माणदेशी, रायफल मुलांच्या हाती देण्याआधी आपण विचारलेत, हे फार बरे झाले.

परवान्याचे आधी सांगतो. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे ज्या एअर रायफलच्या नळीचा आतला व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा नाही आणि जिच्या छर्र्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक नाही, तिला परवाना लागत नाही. कुसाळे ज्या प्रकारात खेळतात त्यातील पॉइंट टू-टू रायफल हे मात्र अग्निशस्त्र आहे आणि त्याचे कायदे पूर्णपणे वेगळे आहेत. म्हणून आपल्याकडील बहुतेक मुलांची सुरुवात १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूलने होते आणि तसेच व्हावे. परंतु परवाना नाही म्हणजे धोका नाही, ही आजोबांची समजूत कृपया दूर करावी. स्पर्धेच्या एअर रायफलमधून छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सुटतो. डोळा कायमचा जाण्यास तेवढा वेग पुरेसा आहे.

वयाबद्दल मी एक साधी कसोटी लावतो. मूल खेळात रंगलेले असताना आपण "थांब" म्हटले, तर ते त्याच क्षणी थांबते का, की "एवढे एकदाच" म्हणून पुढे जाते? पहिल्या प्रकारचे मूल दहा-अकरा वर्षांचे असले तरी चालते. दुसऱ्या प्रकारचे चौदा वर्षांचे असले तरी त्याला काही महिने थांबवावे. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सराव-मैदानावर, "स्टॉप" हा हुकूम आला की नेम कितीही अचूक लागलेला असो, बोट चापावरून निघालेच पाहिजे. ही सवय बंदुकीशिवायही लावता येते आणि ती आधीच लावावी.

पहिल्या दिवशी छर्र्यांचा डबा बाहेर काढूच नये. रायफल टेबलावर ठेवावी, नळीचे तोंड टार्गेटच्या दिशेला, आणि मुलाला एवढेच शिकवावे की ती उचलायची कशी, उघडून रिकामी असल्याची खात्री करायची कशी आणि दुसऱ्याच्या हाती द्यायची कशी. देणाऱ्याने उघडून दाखवावी, घेणाऱ्याने स्वतः पाहावी आणि "रिकामी आहे, पाहिली" असे मोठ्याने म्हणावे. आताच पाहिली होती, हे कारण कोणाकडूनही ऐकून घेऊ नये, आजोबांकडूनही नाही. रेंजवर आम्ही नळीत भडक केशरी रंगाची दोरी घालून ठेवतो, तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. ती दोरी आरपार गेलेली दिसली म्हणजे नळीत छर्रा नाही हे लांब उभ्या असलेल्या माणसालाही कळते. तशी दोरी मिळत नसेल तर गवत कापण्याच्या यंत्राची रंगीत नायलॉन दोरी त्या कामी येते.

बोटाचेही तसेच आहे. नेम धरून झाल्याशिवाय तर्जनी चापाजवळ जाता कामा नये. ती दस्त्याच्या बाजूला सरळ टेकलेली असावी. लहान मुलांचे बोट आपोआप चापात जाते, कारण खेळण्यातील बंदुकीने त्यांना तेच शिकवलेले असते. टोकायला कंटाळू नये. टोकताना आवाज मात्र चढवू नये.

नवख्या मुलांच्या बाबतीत सर्वांत धोक्याचा क्षण मी नेहमी एकच पाहतो. छर्रा टार्गेटच्या मध्यावरील दहा गुणांच्या ठिपक्याजवळ लागतो, मुलाला आनंद होतो आणि ते "बाबा, पाहिलंत?" असे म्हणत वळते. अंगाबरोबर रायफलही वळते आणि मागे उभ्या असलेल्या सर्वांवरून तिची नळी फिरते. यावर रागावण्याचा उपयोग नाही, कारण त्या क्षणी मुलाला बंदुकीचे भान नसते. म्हणून सुरुवातीचे सर्व दिवस मुलाला बसवून, रायफल टेबलावरील वाळूच्या पिशवीवर टेकवूनच शिकवावे, म्हणजे नळी फार वळूच शकत नाही. शिकवणाऱ्याने चाप ओढणाऱ्या हाताच्या बाजूला, खांद्याला लागून उभे राहावे आणि रायफलच्या मधल्या भागाजवळ आपला हात मोकळा ठेवावा. एका वेळी एकाच मुलाच्या हाती रायफल असावी. दुसऱ्याने मागे बसावे, मोबाईल घेऊन पुढे येऊ नये.

टेकवून शिकवण्यामागे शरीराचेही कारण आहे. स्पर्धेची एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत जड असू शकते आणि उभ्याने नेम धरताना पाठ मागे व बाजूला झुकते. अकरा वर्षांच्या मुलीच्या पाठीवर तो भार इतक्या लवकर टाकू नये.

आता मळ्याबद्दल. विहिरीच्या पलीकडे मोकळी जागा आहे, एवढे पुरत नाही. टार्गेटच्या मागे काय आहे ते महत्त्वाचे आहे. छर्रा दगड, पत्रा, सिमेंटची भिंत किंवा पाण्यावर आपटला तर तिरका उडतो, कधी नेमबाजाकडेच परत येतो. म्हणून बाटल्या, डबे, दगड यांवर नेम धरणे पूर्णपणे वर्ज्य मानावे. जाड फळ्यांची खोल पेटी घ्यावी, मागच्या बाजूला लोखंडी पत्रा लावावा, पुढे जुन्या कापडाच्या चिंध्या ठासून भराव्यात आणि त्यापुढे टार्गेट चिकटवावे. चिंध्या मधोमध लवकर फाटतात आणि वरून ते दिसत नाही, म्हणून दर वेळी पेटी उघडून पाहावी. पेटीच्या मागे मातीचा उंच बांध असावा आणि त्या दिशेला पायवाट, गोठा, मजुरांची वस्ती काही नसावे. नेमबाजाच्या आणि पाहणाऱ्यांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा.

पाखरांचा विषय पहिल्याच दिवशी संपवावा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि द्राक्षांवर येणारे पोपटही त्यातून सुटलेले नाहीत. बागेवर जाळी टाकता येते. ज्या मुलाला कागदावर समाधान वाटत नाही त्याच्या हाती एअर रायफल देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याला गाठायचे आव्हान पाखरापेक्षा कितीतरी मोठे आहे, हे पुतण्याला तो ठिपका प्रत्यक्ष दाखवून सांगावे.

कुडाळकर

प्रशिक्षकांनी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीशी सहमत आहे. माझा अनुभव वेगळ्या प्रकारच्या बंदुकीचा आहे, परंतु घरात शस्त्र आणि लहान मुले दोन्ही असतील तर तो उपयोगी पडावा.

आमच्या वडिलांच्या नावावर शेतीच्या संरक्षणासाठी ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरण्याच्या, बंदुकीचा परवाना होता. आम्हा भावंडांना ती चालवायला शिकवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण परवाना ज्याच्या नावावर त्याचेच ते काम, आणि कायद्याने एकवीस वर्षांखालील व्यक्तीला असा परवानाही मिळत नाही. तरीही वडिलांनी आम्हाला बंदुकीपासून अनभिज्ञ ठेवले नाही. ठासणीची बंदूक बाहेरून पाहून भरलेली आहे की रिकामी हे कळत नाही. वडिलांनी दारू ठासण्याच्या गजावर, रिकाम्या नळीत तो तळापर्यंत गेला की तोंडाशी येईल अशी, एक खाच पाडलेली होती. बंदूक घरात आणली की ते आमच्यासमोर गज आत सोडत. खाच नळीच्या तोंडाशी आली तर नळी रिकामी, वर राहिली तर आत बार आहे. आम्ही सगळे वाकून ती खाच पाहायचो. पाहणे आमचे, हात लावणे फक्त त्यांचे, ही वाटणी इतकी पक्की होती की ती मोडण्याचा विचारही कधी मनात आला नाही.

बार उडाला नाही तर काय करायचे, हेही त्यांनी सांगून ठेवले होते. दारू पेटवणारी टोपी फुटली आणि बार झाला नाही, तर दारू आत धुमसत असू शकते. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेलाच धरून स्वस्थ थांबायचे, वाकून आत डोकवायचे नाही. एअर रायफलमध्ये दारू नसते हे खरे, पण छर्रा नळीत अडकतो, आणि तेव्हाही मुलांना पहिली इच्छा तोंडाकडून आत पाहण्याचीच होते. हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

आमच्या भागात रात्री चोरून शिकारीला गेलेल्या माणसाने झुडपातली हालचाल पाहून बार काढला आणि तो सोबत्यालाच लागला, अशा बातम्या येतात. ज्यावर नेम धरायचा ते स्वच्छ दिसल्याशिवाय आणि त्याच्या पलीकडचे दिसल्याशिवाय चापाला हात लावायचा नाही, हे पुतण्याला या वयात समजले तर ते जन्मभर पुरेल.

खेळाडूची_आई (ठाणे)

माझी मुलगी एअर पिस्तूल खेळते. प्रशिक्षक आणि कुडाळकर यांनी शस्त्राची बाजू सांगितली आहे, मी घराची सांगते.

घरातील रायफल कुलपात असावी, छर्रे दुसऱ्या कुलपात असावेत आणि दोन्ही किल्ल्या मोठ्यांकडेच राहाव्यात. आपली दोन मुले शिस्तीत वाढली तरी मे महिन्याच्या सुट्टीत मामे-आतेभावंडे येतात, शेजारची मुले येतात, आणि "आमच्याकडे रायफल आहे, दाखवू?" हा मोह अकरा वर्षांच्या मुलाला आवरत नाही. आमच्या घरी पाहुण्यांसमोर पिस्तूल काढायचे नाही असाच नियम आहे. आजी-आजोबांनाही तो सांगितला आणि त्यांनी तो आनंदाने पाळला. दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल एकमेकांवर रोखून खेळणेही आम्ही बंद केले. एका हाताने नेम रोखायचा आणि दुसऱ्या हाताने तो रोखू नये म्हणून शिकवायचे, हे मुलांना कळत नाही.

छर्रे शिशाचे असतात. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ देऊ नये, आणि छर्रे ओठांत धरण्याची सवय तर मुळीच लागू देऊ नये. मुलींचे केस घट्ट बांधलेले असावेत आणि पायात बंद बूट असावेत.

शक्य असेल तर मुलांना महिन्यातून काही वेळा तरी रेंजवर न्यावे. विट्याहून कोल्हापूर फार लांब नाही. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत या दोघीही तिथल्याच. शेजारच्या लेनवरील मोठी मुले हुकूम होताच शस्त्र खाली ठेवताना दिसली की लहान मूल ते आपोआप उचलते. घरी आपण दहा वेळा सांगून जे होत नाही, ते तिथे एका तासात होते.

माणदेशी (विटा)

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना हे सर्व वाचून दाखवले. छर्र्याच्या वेगाचे त्यांना खरोखरच माहीत नव्हते, आणि चिंध्यांची पेटी स्वतः बनवून देण्याचे त्यांनी कबूल केले आहे. पुतण्याला बागेबद्दल स्पष्ट सांगितले. तो थोडा हिरमुसला, पण ऐकले.

एक शंका राहिली आहे. आमची रायफल नळी वाकवून भरण्याची आहे आणि अनेक वर्षे वापरात नाही. ती मुलांच्या हाती द्यावी का? आणि छर्र्याशिवाय चाप ओढण्याचा सराव, ज्याला ड्राय फायरिंग म्हणतात, तो हिच्यावर करता येईल का?

नेमबाजी_प्रशिक्षक (पुणे)

ड्राय फायरिंग हिच्यावर करू नये. तुमच्यासारख्या नळी वाकवून भरण्याच्या, स्प्रिंगच्या रायफलमध्ये पुढे छर्रा नसला तर पिस्टन जोराने आपटतो आणि स्प्रिंग व वॉशर दोन्ही खराब होतात. स्पर्धेच्या रायफलींमध्ये त्यासाठी वेगळी सोय असते, म्हणून तो सराव रेंजवरील रायफलीवर करून घ्यावा.

जुनी रायफल आधी जाणकार कारागिराकडून उघडून तपासून घ्यावी. विशेषतः नळी वाकवल्यानंतर चापाची पकड घट्ट राहते का, हे पाहणे अत्यावश्यक आहे. पकड झिजलेली असेल तर छर्रा भरत असतानाच स्प्रिंग सुटते, नळी झटक्याने वर येते आणि बोटे सापडतात. म्हणून दुरुस्त केलेली असली तरी या रायफलीत छर्रा भरताना एका हाताने नळी शेवटपर्यंत घट्ट धरून ठेवावी आणि चापाच्या आसपास कोणतेही बोट नसावे. तुमच्या मुलीला तेवढी स्प्रिंग दाबणे जडच जाईल. रायफल गुडघ्यावर किंवा जमिनीवर टेकवून ती जोर लावू लागली की नळीची दिशा सुटते. तेव्हा निदान पहिले काही महिने रायफल भरण्याचे काम तुम्हीच करावे आणि मुलांनी फक्त नेम धरावा.

तपासणीला नेताना रायफल कव्हरमध्ये घालून, छर्रे वेगळ्या पिशवीत ठेवून न्यावी. एसटीत किंवा दुचाकीवर ती उघडी दिसली तर लोकांना एअर रायफल आणि खरी बंदूक यांतला फरक कळत नाही. कारागिराने पकड बदलावी लागेल असे सांगितले आणि सुटा भाग मिळत नसेल, तर ती रायफल मुलांसाठी वापरू नका. रेंजवरील रायफलीवरच सुरुवात करा.