डार्सीचे हातमोजे कुठे गेले?

प्रश्न: जेन ऑस्टिनच्या कादंबरीवरचा २००५चा 'प्राइड अँड प्रेज्युडिस' चित्रपट काल पाचव्यांदा पाहिला. डार्सीच्या मित्राच्या नेदरफील्ड या घरून निघताना डार्सी एलिझाबेथला हात देऊन बग्गीत चढवतो, वळतो आणि चालता चालता बोटं ताणतो. दोघांच्याही हातात मोजे नाहीत! ही चूक, की मुद्दाम? तेवढा तुकडा मी थांबवून थांबवून पाहिलाय.

उत्तर: मुद्दामच. कादंबरीत निघण्याच्या आदल्या दिवशी तो तिच्याशी जेमतेम दहा शब्द बोलतो, हा स्पर्श तिथे नाहीच. आणि चित्रपटाच्या शेवटी पहाटेच्या धुक्यात ती त्याचा हात ओठांना लावून 'हात गार पडलेत' म्हणते, आठवतंय?

उत्तर: कपड्यांचंही बघा. कादंबरी १८१३ची, पण दिग्दर्शक जो राइटनं चित्रपट अठराव्या शतकाच्या अखेरीस नेला, म्हणून एलिझाबेथ आणि तिच्या बहिणींचे झगे जुन्या वळणाचे. डार्सीच्या त्या मित्राची बहीण कॅरोलाइन बिंगली मात्र नव्या फॅशनमध्ये.

प्रश्नकर्ती: गार हात! हे मला कसं सुचलं नाही? म्हणजे पहिल्यांदा तो स्पर्श एकट्यानं मुठीत घेऊन जातो, आणि शेवटी तोच हात ती स्वतःहून धरते. आज रात्री सहाव्यांदा बघणार, फक्त हातांसाठी.