'सिंक' म्हणजे जुळवणं की चढवणं?

एका कमांड-लाइन टूलची (म्हणजे कमांड टाइप करून चालवायच्या प्रोग्रामची) माहिती मराठीत लिहितोय. काम साधं आहे: ट्रेडिंगचा प्रोग्राम दिवसभर जी लॉग फाइल लिहितो, ती वाचायची आणि त्यातले सौदे क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये नेऊन ठेवायचे. 'इन्स्टॉल'ला 'बसवणे' लिहिलं, कुणाला खटकलं नाही. गाडी अडलीय 'सिंक'वर. 'समक्रमण' आहे, हिंदीकडून आलेलं 'तुल्यकालन'ही आहे, पण ते वाचून कोणी एंटर दाबायला धजेल असं वाटत नाही. सुचवा.

— 'जुळवणी' घ्या की. वाणिज्यवाल्यांना 'बँक जुळवणी पत्रक' पाठ असतं.

— जुळवणीला माझा सक्त विरोध. बँक जुळवणीत दोन वह्या शेजारी ठेवून फरक शोधतात, चूक कुठल्या वहीत हे आधी ठरलेलं नसतं. इथे लॉग फाइल अस्सल आणि डेटाबेस तिची नक्कल, वाट एकेरी. मी पोळलोय म्हणून बोलतो. अशाच एका टूलच्या टिपणात 'दोन्ही बाजू जुळवून ठेवते' असं होतं. डिस्क भरली म्हणून मी मागच्या महिन्याची फाइल उडवली, म्हटलं वर प्रत आहेच. रात्री टूल चाललं आणि त्यानं इमानेइतबारे जुळवलं: खाली नाही, तर वरही नको!
मुळात इंग्रजी शब्दच सैल आहे. ग्रीक 'सिन' म्हणजे सोबत, 'क्रोनोस' म्हणजे काळ. युनिक्स या संगणक प्रणालीची जुनी 'सिंक' कमांड मेमरीत थांबलेला मजकूर डिस्कवर उतरवते, बस. १९९६ साली आलेलं 'आरसिंक' हे टूल फाइली एकाच दिशेनं नेतं, आणि डिलीटचा पर्याय दिलात तर पलीकडे जादा असलेल्या फाइली पुसून टाकतं. फोनमधले संपर्क सिंक होतात तेव्हा मात्र बदल दोन्हीकडून येतात-जातात. एकाच शब्दात तीन कामं कोंबलीत. मराठीत तरी कुठलं ते सांगा.

— मग आपला जुना जमाखर्च आहेच. कीर्द म्हणजे घडेल तसं तारीखवार लिहिलेलं, खतावणी म्हणजे तेच खातेवार लावलेलं. तुमची लॉग फाइल ही कीर्द, डेटाबेसमधलं टेबल ही खतावणी. क्रियापदही तयार: खतावणे.

— कल्पना झकास, पण आजच्या वाचकाला 'खतावणे'त शेतातलं खत दिसणार. त्यापेक्षा 'नोंद चढवणे'. वहीवर नोंद चढवतात हे कुणालाही कळतं, दिशाही आपोआप येते. (सौद्यांच्या संदर्भात 'चढणे' म्हटलं की भाव आठवतो, म्हणून 'नोंद' गाळू नका.)

— पण दोनदा चालवलं तर नोंद दोनदा चढेल का? नवा माणूस पहिल्यांदा हेच विचारतो.

— नाही. सौद्याचा क्रमांक ही 'की' आहे, म्हणजे नोंद ओळखायची खूण. असेल तर तीच ओळ सुधारते, नसेल तर नवी घालते. हे एका शब्दात मावणार नाही, चालवल्यावर दिसणाऱ्या ओळीतच सांगा: '४१२ नोंदी वाचल्या. ९ नव्या चढवल्या, ४०३ आधीच होत्या.'

— जाता जाता: 'ड्राय-रन'ला 'रंगीत तालीम' लिहिलेलं पाहिलंय. रंगीत तालमीत सगळा साज चढवून प्रयोग होतो, इथे तर डेटाबेसला हातही लागत नाही. नुसतं 'तालीम' पुरे.

— सगळ्यांचे आभार. टाइप करायचा शब्द 'सिंक'च राहील, पुढचं वर्णन असं करतो: 'लॉगमधल्या नव्या नोंदी डेटाबेसवर चढवते. तिथलं काही पुसत नाही, तिथून काही आणत नाही.' आणि 'व्हेरिफाय' कमांडपुढे: 'दोन्हीकडची संख्या आणि बेरीज घेऊन ताळा पाहते.' 'ताळा'ला हरकत?

— ताळ्याला नाही. पण वर 'टूल चाललं' असं आलंय आणि इथे 'पाहते'.

— टूल ते, कमांड ती. पाहते कमांड.

— मग ठीक.