यहोशवा १५ : ही एवढी गावांची नावं कशासाठी?

संध्या_नेवासा

सलाम सगळ्यांना. आमच्या मंडळीच्या तरुण संघात सध्या बायबलमधलं यहोशवाचं पुस्तक चालू आहे, इस्राएलाच्या वंशांनी देश घेऊन आपसात वाटल्याची हकिगत. यरीहो, आय, गिबोनकरांची लबाडी इथपर्यंत पोरं खूश होती. पंधराव्या अध्यायाला, यहूदा वंशाच्या वाट्याला, गाडी अडली. वचन २१ पासून ६२ पर्यंत नुसती गावं! एकाने वाचायला सुरुवात केली, दहाव्या नावाला जीभ वळेना, सगळे हसायला लागले. पुढच्या वेळी मी हे सरळ गाळणार होते, पण गाळायचं तर निदान कारण तरी माहीत हवं, म्हणून इथं विचारते.

वचन ३२ म्हणतं एकंदर २९ नगरे. मी बोट ठेवून मोजली, ३६ भरली. दुसरं, बैर-शेबा, मोलादा, सिकलाग ही गावं यहूदाच्या यादीत आहेत आणि १९ व्या अध्यायात शिमोनाच्याही. मग गाव नक्की कुणाचं? माझ्याकडच्या टीकाग्रंथात "देवाने वचन पाळले" एवढ्यावर भागवलंय. ते खरं, पण त्यासाठी शंभरावर नावं कशाला?

शिवारकर_निवृत्त

संध्याताई, सलाम. मी महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. जन्मभर हेच कागद चाळले, त्यामुळे हा अध्याय मला कधी रटाळ वाटला नाही. दावीद-गल्याथापेक्षा मी इथं जास्त रमतो, तेवढं पाळकसाहेबांना सांगू नका.

त्या अध्यायात दोन वेगळे कागद आहेत. वचन १ ते १२ ही चतुःसीमा, आणि २१ ते ६२ हा गावांचा तक्ता. चतुःसीमा चालत चालत सांगितलेली आहे. उत्तरेची हद्द यार्देनेच्या मुखापासून निघते, रऊबेनाचा पुत्र बोहान याच्या धोंड्यावर येते, एन-रोगेलचा झरा गाठते, हिन्नोमच्या खोऱ्यातून यबूसी डोंगराच्या दक्षिण अंगाने वर चढते, मग नेफ्तोहच्या झऱ्यावरून किर्याथ-यारीमकडे. आता १८ व्या अध्यायात बन्यामीनाची दक्षिण हद्द काढा. तीच ठिकाणं, तोच बोहानचा धोंडा, फक्त उलट्या क्रमाने. यहूदाची हद्द पूर्वेकडून पश्चिमेला चालते, बन्यामीनाची पश्चिमेकडून पूर्वेला. लगतच्या दोन खातेदारांचे कागद असे एकमेकांना बसले की मोजणीवाल्याचा जीव भांड्यात पडतो.

पण हद्दीचा कागद शेजाऱ्यापुरता. आत कुणाची वस्ती आहे, कुठलं शिवार कुठल्या गावाला लागून आहे, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी तक्ता. ही पद्धत पुस्तकानेच सांगितली आहे, १८:४-९ वाचा. सात वंशांना वतन मिळायचं राहिलं होतं. यहोशवाने दर वंशातली तीन-तीन माणसं देशभर फिरवली, त्यांनी गावागावांप्रमाणे सात वाटे करून वहीत लिहिले, आणि ती वही घेऊन ते शिलोला, छावणीवर, परत आले. चिठ्ठ्या टाकल्या त्या त्यानंतर. म्हणजे वंशाच्या वाट्याला आली ती नाव-निशाणी असलेली गावं, रिकामा मुलूख नव्हे. कोण कुठल्या गावचा, हे त्या वहीवरून ठरायचं.

"ही नगरे व त्यांखालची खेडी" हे पालुपद तुमच्या पोरांना सर्वात कंटाळवाणं वाटलं असणार. जमिनीच्या हक्कात त्याला किंमत आहे. लेवीय २५:२९-३१ शेजारी ठेवा. तटबंदीच्या नगरातलं घर विकलं आणि वर्षाच्या आत सोडवलं नाही, तर ते घेणाऱ्याचं कायमचं झालं. तट नसलेल्या खेड्यातलं घर मात्र शेतात धरायचं आणि ५० व्या वर्षी, योबेलात, मूळ घराण्याकडे परत जायचं. नगर कुठलं आणि त्याखालची खेडी कुठली, हे लिहून ठेवलं नाही तर हा कायदा चालवणार कसा?

हेब्रोनचं बघा. २१ व्या अध्यायात ते लेव्यांना, म्हणजे देवसेवेला नेमलेल्या वंशाला दिलं, गावठाण आणि भोवतीची गायरानं. त्याच गावची शेतं आणि खेडी मात्र यहूदातल्या कालेबाकडे राहिली (२१:१२). एका गावाचे दोन धनी, आणि दोघांची नोंद शाबूत.

आता बेरीज. ३६ बरोबर मोजलीत. पण करियोथ-हेस्रोन तिथंच "म्हणजे हासोर" असं सांगितलंय. शेवटची अईन आणि रिम्मोन ही नहेम्या ११:२९ मध्ये एन-रिम्मोन अशी जोडून येतात. बैर-शेबानंतरचं बिज्योथ्या हे गावच नसावं, कारण जुन्या ग्रीक भाषांतरात त्या जागी बैर-शेबाची खेडी आहेत. शिवाय हसर-गद्दा, हसर-शुवाल असली नावं म्हणजे वाड्या. वाडी स्वतंत्र धरायची की मोठ्या गावात, यावर आमच्याकडेसुद्धा दर जनगणनेला वाद व्हायचा. एवढं सगळं धरूनही २९ वर नेमकं बसत नाही. मला वाटतं बेरीज जुनी आणि नावं नंतर वाढलेली. रजिस्टरमध्ये हे नेहमी होतं, ओळ घुसते आणि खालची एकूण तशीच राहते.

शिमोनाचं उत्तर १९:९ मध्येच आहे. यहूदाचा वाटा गरजेपेक्षा मोठा झाला, म्हणून शिमोनाला त्याच्या पोटात वतन मिळालं. पुढे शिमोनाचं वेगळं अस्तित्व विरत गेलं. याकोबाने उत्पत्ती ४९ मध्ये "मी त्यांना पांगवीन" म्हटलं होतं ते शिमोन आणि लेवीला उद्देशूनच. सिकलागचा तर फेरफारसुद्धा सापडतो. ते पलिष्ट्यांकडे, इस्राएलाच्या शेजारच्या शत्रूंकडे होतं, गथचा राजा आखीश याने दावीदाला दिलं, "म्हणून सिकलाग आजपर्यंत यहूदाच्या राजांकडे आहे" (१ शमुवेल २७:६). हे "आजपर्यंत" लिहिणारा माणूस यहूदाच्या राजांच्या काळातला, हे उघड आहे.

चिकित्सक

काका, हौस चांगली आहे. पण वचन ४५ ते ४७ मध्ये एक्रोन, अश्दोद, गज्जा लिहिलंय. ही पलिष्ट्यांची शहरं. तिथं यहूदाची वहिवाट कधी होती? ही हक्काची नोंद नाही, मनातले मांडे आहेत. आणि यहोशवाच्या काळची तर नाहीच नाही.

शिवारकर_निवृत्त

चिकित्सकराव, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. आता एवढंच बघा, बाकी प्रत्येक गटाखाली बेरीज आहे. २९, १४, १६, ९, मग डोंगराळ भागात ११, ९, १०, ६, २, आणि रानातली ६. फक्त त्या तीन शहरांखाली बेरीज नाही. तो मजकूर वेगळ्या हाताचा आहे. हक्क सांगितलाय, ताबा नाही. पुस्तक ताबा नसल्याचं लपवतही नाही. त्याच अध्यायाचं शेवटचं वचन म्हणतं की यरुशलेमातल्या यबूसी लोकांना यहूदाला हाकलता आलं नाही. शास्ते १ मध्ये तर न घेतलेल्या गावांचीच यादी आहे.

काळाबद्दल सांगायचं तर या बेरजा म्हणजे जिल्हेवार गट आहेत, आणि असे जिल्हे राजाला वसुलीसाठी लागतात. आल्ब्रेख्त आल्ट या जर्मन अभ्यासकाने १९२५ साली मांडलं की हा योशीया राजाच्या, म्हणजे इ.स.पू. सातव्या शतकातल्या यहूदाचा जिल्हेवार तक्ता आहे. १९५६ मध्ये क्रॉस आणि राइट या दोघांनी तो मागे, नवव्या शतकात, यहोशाफाट राजाच्या काळात नेला. मला आल्टचं पटतं, ते एन-गेदीमुळे. रानातल्या सहा गावांत शेवटचं नाव एन-गेदी. तिथल्या टेकाडावर १९६० च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा सर्वात खालची वस्ती सातव्या शतकातली निघाली. गाव वसलंच नव्हतं तर तक्त्यात येणार कुठून?

पण त्यामुळे यादी खोटी ठरते, हे मी मानत नाही. चालू दप्तर उचलून मूळ वाटणीच्या हकिगतीत लावलं, कारण त्या लोकांच्या लेखी आपला हक्क शिलोच्या चिठ्ठीपासून सुरू होत होता. नाबोथाने द्राक्षमळा विकायला नकार दिला तेव्हा अहाब राजाला किमतीबद्दल काही बोलला नाही. "माझ्या वाडवडिलांचे वतन" एवढंच बोलला. त्याचं इज्रेल इस्साखाराच्या यादीत आहे, १९:१८.

जाता जाता: तुमच्या पोरांना यहूदाच्या यादीत बेथलेहेम शोधायला लावा. नाही सापडणार! यहोशवात जे बेथलेहेम आहे ते जबुलूनचं (१९:१५), गालीलकडचं. दावीदाचं गाव ग्रीक प्रतीत आहे. तिथं वचन ५९ नंतर आणखी ११ गावांचा गट येतो, त्यात तकोवा आणि "एफ्राथा म्हणजे बेथलेहेम". नकलकाराची नजर एका "त्यांखालची खेडी"वरून पुढच्या "त्यांखालची खेडी"वर घसरली आणि मधला अख्खा जिल्हा गळाला. नक्कल रुजू कुणी पाहिली होती देव जाणे.

दिमोनावाली

शलोम. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू, माहेर अलिबागकडचं, आता बरीच वर्षं इस्राएलमधल्या दिमोनात. आमचं शहर त्या यादीतलं आहे हो! १५:२२, "कीना, दीमोना, अदादा". म्हणजे नाव त्यातलं. हे शहर १९५५ साली वसवलं, वाळवंटात नवं गाव उठवायचं तर नाव यहोशवातून घेतलं. जुनी दीमोना हीच जागा असं मात्र कुणी छातीठोक सांगत नाही.

त्याच वचनातल्या कीनाचं सांगते. इथून गाडीने फार लांब नाही, तेल अराद म्हणून जुना किल्ला आहे. तिथं शाईने लिहिलेली खापरं सापडली, किल्ल्यावरची पत्रं. एका पत्रात हुकूम आहे की अरादहून आणि कीनाहून माणसं रामथ-नेगेबला पाठवा, शेजारचे अदोमी चाल करून यायच्या आत. इ.स.पू. ६०० च्या आसपासचं. नातवाबरोबर गेले होते तेव्हा वारा असा सुटला होता की डोळ्यांत नुसती माती, आणि तो विचारतो, आजी, एवढ्या उजाड जागेसाठी भांडायचे? म्हटलं, बाबा, हीच दक्षिणेची वेस.

हेब्रोनच्या दक्षिणेची गावं तर नावासकट टिकली आहेत. यादीत वचन ५५ ला "मावोन, कर्मेल, जीफ, युत्ता" असं ओळीने येतं. तिथल्या अरबी नावांत अजून माईन, कर्मिल, जीफ, यत्ता ऐकू येतात, आणि सगळी एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर म्हणावी अशी. एडवर्ड रॉबिन्सन नावाचा अमेरिकन १८३८ साली इथं फिरला आणि गावकऱ्यांच्या तोंडची नावं ऐकून त्याने जुनी ठिकाणं ओळखत नेली. पुस्तकातला क्रम आणि जमिनीवरचा क्रम जुळतो, म्हणजे लिहिणाऱ्याला मुलूख ठाऊक होता.

संध्या_नेवासा

काका, आजी, मनापासून आभार. आता गाळत नाही. बेथलेहेम शोधायला लावते आणि तोंडं बघते. एक राहिलं. आमच्या संघात मुली जास्त आहेत. या सगळ्या वाटणीत बाईमाणसाचं नाव कुठं?

शिवारकर_निवृत्त

आहे ना! १७:३. मनश्शेच्या वंशातला सलाफहाद, त्याला मुलगा नाही, मुली पाच: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. गणना २७ मध्ये त्या मोशेसमोर उभ्या राहून म्हणाल्या की मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का बुडावं? निकाल त्यांच्या बाजूने लागला. मग ३६ व्या अध्यायात भाऊबंद तक्रार घेऊन आले, या दुसऱ्या वंशात दिल्या तर जमीन जाईल. तेव्हा आपल्याच वंशात लग्न करायची अट घातली. वारस नोंदीला भावकीची हरकत, कालही तीच आणि आजही तीच.

मनश्शेची गोष्ट वेगळी अशी की तिथं यहूदासारखा गावांचा तक्ता नाही. १७:२-३ मध्ये कुळांची नावं आहेत: अबियेजेर, हेलेक, अस्रियेल, शखेम, हेफेर, शमीदा, आणि मग हेफेराच्या या पाच नाती. १९१० मध्ये शोमरोनच्या, म्हणजे उत्तरेच्या इस्राएल राज्याच्या राजधानीच्या, राजवाड्याच्या जागी खोदताना शंभराच्या आसपास खापरं निघाली, इ.स.पू. आठव्या शतकातली. द्राक्षारस आणि तेलाच्या भरण्याच्या पावत्या म्हणा: अमुक वर्ष, अमुक ठिकाणाहून, अमुक माणसाकडे, जुन्या द्राक्षारसाचा एक बुधला. त्यात अबियेजेर, हेलेक, शमीदा, शखेम, अस्रियेल ही नावं मुलुखाची म्हणून आली आहेत. आणि त्यांच्याच बरोबरीने नोआ आणि होग्ला.

म्हणजे त्या मुलींच्या नावाने शिवारं होती आणि तिथून माल राजवाड्यात जात होता. तिरसा तर शोमरोन वसायच्या आधी उत्तरेच्या राज्याची राजधानी होती (१ राजे १६:२३-२४). महला आणि मिल्का तेवढ्या त्या खापरांवर नाहीत. तुमच्या मुलींना गणना २६:३३ आणि यहोशवा १७:३ शेजारी ठेवून मोठ्याने वाचायला द्या. ही पाच नावं उच्चारायला सोपी आहेत, जीभ वळेल.