गूढकथा, अद्भुतकथा वाचणारे कोणी हाये का इकडं? एवढ्यात काय घेतलं ते सांगा

दर्यापूरकर
राम राम मंडळी. सोयाबीन निघालं, कापूस अजून फुटाचा हाये, त्याच्यानं रात्री वाचाले जरा टाइम भेटून राहिला. नागपूरले कामानं गेलतो तं सीताबर्डीत जुन्या पुस्तकाच्या ठेल्यावर नारायण धारपांची 'लुचाई' भेटली, कव्हर फाटकं पण आतली पानं सगळी शाबूत. सोबत रत्नाकर मतकरींचं 'खेकडा' आन 'नवल'चा एक जुना दिवाळी अंक उचलला. 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून बेतलेली हाये हे माहीत होतं, तरी वाचताना ते कुठं आठवत बी नाई, एकएक घर करत गाव हातचं जाते आन आपण सोता गावात राहणारे, त्याच्यानं ते लय लागते. मतकरींचं येगळं, तिथं भुतापेक्षा माणसाच्या मनाचंच भेव वाटते.
तर तुमी काय घेतलं? भुताचंच पाहिजे असं नाई, जादू, राक्षस, दुसरी दुनिया, सगळं चालते. आन 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला टॉल्किन मराठीत हाये म्हणते, कोणी वाचलं का? पोरगं नववीत हाये, त्याच्यासाठी पाहून राहिलो.

मेहकरची मास्तरीण
भाऊ, हाये मराठीत. 'स्वामी मुद्रिकांचा', तीन खंड, अनुवाद मुग्धा कर्णिक यांचा. मी यंदाच मागवले. पार्सल पावसात भिजून आलं, तिसऱ्या खंडाची मागची पानं फुगली, उन्हात वाळवून वाचली पण सोडलं नाही. पण नववीतल्या पोराला एकदम हे देऊ नका, सुरुवातीला वंशावळी आणि गावांची नावं एवढी येतात की पोरगं कंटाळून ठेवून देईल. आधी 'हॉबिट' द्या, तेही मराठीत आलेलं आहे, एकच पुस्तक आहे आणि गोष्ट पहिल्या प्रकरणापासून पळते. माझ्या वर्गातल्या पोरांना मी 'हॅरी पॉटर आणि परीस' वाचायला देते, ज्यांना ते जमलं त्यांना हॉबिट जमतंच. पोरं वाचत नाहीत असं जे म्हणतात ना, त्यांना म्हणावं आधी पोरांच्या हातात असलं काही ठेवून तर पहा.

उमरखेड_०७
मी विकत कमी घेतो, हॉस्टेलवर हाये, पैसे पुरत नाईत. एवढ्यात फक्त धारपांच्या 'अनोळखी दिशा'चा पहिला भाग घेतला. बाकी मोबाइलवर लव्हक्राफ्ट वाचून राहिलो, अमेरिकेतला भयकथा लिहिणारा, १९३७ मधेच गेला, त्याच्या बऱ्याच कथा प्रोजेक्ट गुटेनबर्ग या पुस्तकांच्या साइटवर फुकट भेटते. इंग्रजी जड हाये, पण 'द कलर आउट ऑफ स्पेस' वाचाच, १९२७ ची हाये. एका शेतकऱ्याच्या विहिरीपाशी उल्का पडते. त्या वर्षी फळं अशी मोठी येते की लोकं पाहाले येते, पण तोंडात टाकलं की कडू, सगळा माल वाया. मंग झाडं रातच्याला चमकाले लागते, जनावरं राखाडी पडून झडते, अन तो माणूस विहिरीचं पाणी खराब झालं हे दिसून बी तेच पाणी पेत राहते, घर सोडतच नाई. मायाही घरी विहीर हाये, बाप बी जमीन सोडाचं नाव काढत नाई, मले ती गोष्ट अमेरिकेतली वाटलीच नाई. भूत नाई, राक्षस नाई, फक्त एक रंग, ज्याले नाव नाई. याच्यापेक्षा भारी कल्पना मी तरी वाचली नाई.

मेहकरची मास्तरीण
@उमरखेड_०७ अरे बाळा, हे वाचून मला आमचं लोणारच आठवलं बघ! आकाशातून दगड पडून पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद खड्डा झालेला, त्यात खारं पाणी, लवणासुराची कथा, वर दैत्यसूदनाचं देऊळ, आणि जून २०२० मध्ये सगळं पाणी गुलाबी झालं होतं. खारेपणा वाढून सूक्ष्मजीवांमुळे झालं ते, पण काठावर उभं राहून पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. एवढं सगळं आयतं असताना लोणारवर एक दणदणीत अद्भुत कादंबरी पाहिजे, मी तर पहिल्या दिवशी घेईन. कोकणातले वाडे आणि पुण्यातले बंगले खूप वाचून झाले, आता काळ्या मातीतलं काहीतरी येऊ द्या.

गोंडपिपरी
ताईच्या बोलण्याले पूर्ण पाठिंबा. इकडं जंगलात चकवा लागलेली माणसं घरोघरी भेटते, रात्रभर त्याच त्याच झाडाभोवती फिरणारे, पण पुस्तकात त्याइचा पत्ता नाई.
मी जी. ए. कुलकर्णींचं 'रमलखुणा' घेतलं, १९७५ चं हाये. त्यातली 'इस्किलार' कोणत्या मुलखातली, कोणत्या काळातली, काहीच सांगता येत नाई, सगळी दुनिया जी.एं.नं सोताच उभी केली. मराठीत फँटसी नाई म्हणणाऱ्याले मी हेच पुस्तक दाखवतो. सावकाश वाचा मात्र, रोज थोडी थोडी, धारपांसारखी एका बैठकीत होत नाई.
आन एक सांगून ठेवतो, 'तुंबाड' पिक्चर पाहून 'तुंबाडचे खोत' मागवू नका. पेंडशांची ती दोन खंडांची कादंबरी लय मोठ्या तोलाची हाये, पण एका घराण्याची हाये, त्यात पिक्चरमधला राक्षस हस्तर नाई. पिक्चरमधली म्हातारी पाहिजे असन तं धारपांची 'आजी' ही कथा शोधा.

दर्यापूरकर
वा, एवढं भेटन असं वाटलं नोतं. ताई, 'हॉबिट' मागवतो, पोराचं झालं की मीच घेतो वाचाले. गोंडपिपरी भाऊ, 'रमलखुणा' लिहून घेतलं. उमरखेडच्या पोरा, तू 'अनोळखी दिशा' वाचून झालं की सांगजो, मी 'लुचाई' पाठवतो, तू ते पाठव, पोस्टाचा खर्च माया. बाकीच्याइनं बी सांगा, आन यंदाच्या दिवाळी अंकात चांगल्या गूढकथा कुठं हाये ते कोणाले समजलं तं इथंच टाका.