केडन मेला तो माझ्यामुळं, बोरोमिर मेला तो टोल्कीनमुळं

विश्रामबागचा_गेमर:
'मास इफेक्ट' या व्हिडिओ गेमचे तिन्ही भाग (२००७, २०१०, २०१२) परत खेळून संपवले. आता शिव्या खायची तयारी ठेवून बोलतो. टोल्कीनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' कादंबरीपेक्षा ही गोष्ट जास्त टोचते. विरमायर ग्रहावर अ‍ॅशली किंवा केडन, दोघा साथीदारांतल्या एकालाच वाचवता येतं. मी केडनला सोडलं. जुना सेव्ह (साठवून ठेवलेला खेळ) पुढच्या भागात नेला की तो नसतोच, आणि तिसऱ्या भागात जहाजातल्या स्मारकाच्या भिंतीवर त्याचं नाव दिसतं. कादंबरीत बोरोमिर मरतो त्याचंही वाईट वाटलं, पण त्यात माझा हात नव्हता.

खणभागकर:
हात नव्हता म्हणूनच तर! कादंबरीत फ्रोडो जादूची अंगठी नष्ट करायला एवढी वाट तुडवून डोंगरावर पोचतो आणि ऐन वेळी ती टाकायला नकार देतो. अंगठीला हपापलेल्या गॉलमनं त्याचं बोट तोडलं म्हणून काम झालं. तुमच्या हातात असतं तर बटण दाबून मोकळे झाला असता. आणि तुमच्या गेमच्या तिसऱ्या भागाचा शेवट? लोकांनी एवढा दंगा केला की त्याच वर्षी जूनमध्ये वाढीव शेवट फुकट द्यावा लागला.

भडंगखाऊ:
लाईट गेली तरी पुस्तक चालतं. विषय संपला.

विश्रामबागचा_गेमर:
दुरुस्ती टोल्कीननीही केलीय की. त्यांच्या आधीच्या, १९३७ च्या 'हॉबिट'मध्ये गॉलम पैजेत अंगठी द्यायला तयार असतो. पुढच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये ते बसेना, म्हणून १९५१ च्या आवृत्तीत प्रकरण बदललं.
आणि बटणाचं म्हणाल तर गेममधला शास्त्रज्ञ मॉर्डिन बघा. तिसऱ्या भागात क्रोगन नावाच्या परग्रहवासी जमातीसाठीचं औषध सोडायला तो मनोऱ्यावर जातो आणि मरतो. पण पहिल्या भागात रेक्स हा क्रोगन साथीदार मेला असेल, दुसऱ्यात तुम्ही त्या औषधाच्या संशोधनाची माहिती नष्ट केली असेल, तर त्याला समजावून मागं फिरवता येतं. म्हणजे तो जगतो तो सगळ्यात वाईट वागलेल्या खेळाडूकडं! असलं काही छापील पानावर करून दाखवा.

नाटकवाली:
अरे, सांगलीत राहून घरचं उदाहरण कुणालाच सुचू नये? १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथंच 'सीता स्वयंवर' केलं. सूत्रधार पदं म्हणायचा, पात्रं संवाद सुचतील तसे बोलायची. पण धनुष्य रामच मोडणार. गेममध्ये तुम्ही खेळवता त्या शेफर्डचंही तेच. बोलणं तुमचं, धनुष्य गेम कंपनीचं.

खणभागकर:
+१. टोल्कीननी बदललं ते स्वतःच्या गोष्टीसाठी, दंग्याला घाबरून नाही. मॉर्डिनचा किस्सा भारी आहे, नाही म्हणत नाही. पण एक सांगा, केडन एवढा टोचतो, तर जुना सेव्ह उघडला की तो उठून बसतोच ना? बोरोमिर कितीही वेळा वाचा, उठत नाही.

विश्रामबागचा_गेमर:
बसतो. म्हणूनच तो सेव्ह उडवून टाकला.